इतिहास शिकणाऱ्या लेकीसाठी लांबची ‘सेफ्टी’ कॉलेजं कशी शोधली

आमच्या लेकीने दहावीतच सांगून टाकलं होतं की ती इतिहास शिकणार. आम्ही दोघं सॉफ्टवेअरमधले, राहतो कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला. ओळखीच्या घरांत कॉलेजचा विषय निघाला की तो कॉम्प्युटर सायन्सवरच जातो, त्यामुळे सेफ्टीसाठी, म्हणजे बाकी कुठे नाही तरी तिथे प्रवेश मिळेलच अशा कॉलेजांसाठी, कुणाची तयार यादी मागून घ्यायची सोय नव्हती. तिला लहान वर्ग हवे होते, प्राध्यापकांशी रोजची ओळख हवी होती. कॅलिफोर्नियात तशी नावाजलेली कॉलेजं आहेत, पोमोनासारखी, पण तिथल्या प्रवेशाची खात्री कुणीच धरू नये. म्हणून लांबची कॉलेजं बघावी लागली. ज्यांची मुलं यंदा सीनिअर इयरला, म्हणजे बारावीला, आहेत त्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आधी घरात बसून सेफ्टी कशाला म्हणायचं ते ठरवा. आमच्या तीन अटी होत्या. प्रवेश जवळजवळ नक्की हवा, पैशांचा मेळ बसायला हवा आणि समजा प्रवेशाचं तेवढं एकच पत्र आलं, तरी लेकीने आनंदाने बॅग भरायला हवी. तिसरी अट आपण पालक सर्रास सोडून देतो. ‘राहू दे यादीत, जायचं थोडंच आहे’ म्हणत घातलेलं कॉलेज ऐन एप्रिलमध्ये घरात रडारड घडवतं.

पैशांचं काम पहिल्याच आठवड्यात उरका. कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता आपल्याला साधारण किती खर्च येईल ते तो सांगतो; २०११ पासून कायद्यानेच तो ठेवावा लागतो. टॅक्स रिटर्न समोर घेऊन तो दोघांनी मिळून भरा. छापील फी पाहून मिडवेस्टमधली, म्हणजे इलिनॉय, आयोवा, मिनेसोटा अशा राज्यांतली, लहान खासगी कॉलेजं लगेच खोडू नका, चांगले ग्रेड असलेल्या मुलांना त्यातली बरीच कॉलेजं मोठी मेरिट स्कॉलरशिप देतात. पश्चिमेकडच्या राज्यांतली सरकारी विद्यापीठं बघत असाल तर वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज या फी-सवलतीच्या योजनेची चौकशी करा. त्यात स्थानिक विद्यार्थ्याच्या ट्यूशनच्या १५० टक्क्यांपेक्षा जास्त आकारत नाहीत. मात्र कोणत्या विषयांना ती सवलत आहे, हे विद्यापीठागणिक बदलतं.

प्रवेशाच्या बाबतीत आम्ही एक चूक केली. एका कॉलेजात निम्म्याहून जास्त मुलांना प्रवेश मिळतो, लेकीचे मार्क तिथल्या सरासरीच्या खूप वर, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. त्यांचे ईमेल उघडले नाहीत, ऑनलाइन माहितीसत्राला बसलो नाही. त्यांनी तिला वेटलिस्टवर टाकलं. नंतर कळलं की कॉलेजं स्वतःची माहिती ज्यात प्रसिद्ध करतात त्या ‘कॉमन डेटा सेट’ नावाच्या कागदात सी७ हा तक्ता असतो आणि विद्यार्थ्याने दाखवलेल्या उत्सुकतेला कॉलेज किती वजन देतं, हे त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता प्रत्येक सेफ्टीचा बघा, आणि तिथला एसेही पहिल्या पसंतीच्या कॉलेजाइतकाच मन लावून लिहायला सांगा.

आता विषयाचं. इंजिनिअरिंगच्या मुलांना जी काळजी फारशी करावी लागत नाही, ती आपल्याला करावी लागते: चार वर्षं तो विभाग टिकेल का? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बोर्डाने २०२३ मध्ये २८ अभ्यासक्रम आणि १४३ प्राध्यापकांच्या जागा कमी करायचा निर्णय घेतला. परदेशी भाषांना त्याचा मोठा फटका बसला. इलिनॉयमधलं १८६५ सालचं लिंकन कॉलेज तर २०२२ मध्ये बंदच झालं. म्हणून कोर्सच्या कॅटलॉगवर विसंबू नका, कॅटलॉगमध्ये वर्षानुवर्षं न शिकवलेले कोर्सही असतात. चालू सत्राचं वेळापत्रक उघडा. लेकीने प्रत्येक कॉलेजची मागची चार सत्रं काढून वहीत मांडली: इतिहासाचे किती कोर्स खरोखर झाले, कायमचे प्राध्यापक किती, युरोप-अमेरिकेपलीकडचं कोण शिकवतं. दोन कॉलेजं त्या एका पानावरच गळली.

साताऱ्याहून बाबांनी फोनवर विचारलं, ‘अगं, त्या मक्याच्या शेतांत कसला इतिहास शिकणार ती?’ मी त्यांना एलिनॉर झेलियट यांची आठवण करून दिली. आंबेडकरी चळवळीचा एवढा अभ्यास केलेल्या या बाई मिनेसोटातल्या कार्लटन या लहान कॉलेजात शिकवत होत्या. दिलीप चित्रेही सत्तरच्या दशकात आयोवा विद्यापीठाच्या लेखक कार्यक्रमात होते. बाबा मग पुढे काही बोलले नाहीत. तुमच्या घरातही हा प्रश्न येणार, उत्तर तयार ठेवा.

प्रवासाचा हिशोब यादी करतानाच मांडा. कुठला विमानतळ, तिथून कॉलेज किती लांब, मध्यरात्री विमान चुकलं तर पोरगी कुठे थांबेल, सुट्टीत डॉर्म बंद होतात का. इलिनॉयमधल्या गेल्सबर्गचं नॉक्स कॉलेज आम्हाला आवडलं, त्याचं एक कारण अगदी घरगुती होतं. आमच्या जवळच्या एमरीव्हिलहून सुटणारी ‘कॅलिफोर्निया झेफिर’ ही रेल्वे थेट गेल्सबर्गला थांबते. दोन रात्रींचा प्रवास, पण गाडी बदलायची नाही. शिवाय तिथे वर्षाच्या तीन टर्म आहेत. पहिली नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुमारास संपते, त्यामुळे थँक्सगिव्हिंगला एकदा आणि ख्रिसमसला पुन्हा असं महिन्याभरात दोनदा तिकीट काढावं लागत नाही.

भेट फेब्रुवारीत द्या. हिरवळ आणि फुलं असताना कुठलंही कॉलेज छान वाटतं. आम्ही गेलो तेव्हा बर्फ काळपट होऊन रस्त्याकडेला साचला होता. नॉक्सच्या ओल्ड मेन इमारतीत लेक एका खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली. १८५८ च्या ऑक्टोबरात अब्राहम लिंकन आणि त्यांचे निवडणुकीतले प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांची वादसभा तिथेच झाली, आणि म्हणतात की व्यासपीठ भिंतीला अगदी लावून बांधल्यामुळे लिंकन खिडकीतून बाहेर पडले होते. नंतर ती एका वर्गात बसली. अकरा मुलं होती, आणि प्राध्यापिकेने सगळ्यांकडून पुस्तकातलं एकच पान उघडून घेऊन तासभर त्यावरच चर्चा केली. बाहेर येऊन लेक मला म्हणाली, ‘आई, इथलं एकच पत्र आलं तरी चालेल.’ हे वाक्य तुमच्या मुलाच्या तोंडून आपणहून येईपर्यंत शोधत राहा. आमची लेक आता तिथे दुसऱ्या वर्षाला आहे.

अर्ज शक्यतो अर्ली ॲक्शनने, म्हणजे लवकरच्या मुदतीत, करा. त्यात अर्ली डिसिजनसारखं, होकार आला की तिथेच जायचं असं, बंधन नसतं आणि एखाद्या सेफ्टीचा होकार हिवाळ्यातच हातात आला की पुढचे महिने घर शांत राहतं. आणि बर्फातले बूट इथे घेऊ नका, तिथे पोचल्यावर तिथल्याच दुकानात घ्या. इथे मिळतात ते आठवडाभराच्या स्कीइंगचे, रोज घालून वर्गात जायचे नव्हेत.