एअर फिल्टर बदलताना या चुका टाळा

मोटारसायकलला कंपनीच्या फिल्टरऐवजी बाजारातला एअर फिल्टर बसवणे हे पंधरा मिनिटांचे काम आहे असे व्हिडिओत दाखवतात, आणि साइड पॅनेल उघडून जुना फिल्टर काढला व नवा आत सरकवला एवढेच पाहिले तर ते खोटेही नाही. मात्र त्या पंधरा मिनिटांत केलेल्या ठरावीक चुकांचे पैसे लोक पुढे इंजिनाच्या कामात मोजतात, हे गॅरेजमध्ये बसून पाहताना आता कंटाळा आला आहे. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक मूळ बॉक्समध्ये मूळ फिल्टरच्याच जागी बसतो. दुसरा शंकूच्या आकाराचा, बॉक्स काढून टाकून थेट कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) किंवा इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीच्या (हवा कमी-जास्त करणारा भाग) तोंडावर चढवायचा. पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही, तो घाईने बसवणाऱ्यांबद्दल आहे. दुसऱ्याबद्दल मात्र आहे, आणि ती पुढे येईलच.

कडेने जाणारी हवा

फिल्टर किती हवा सोडतो यावर लोक तासभर बोलतात, पण त्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवून पाहत नाहीत. इंजिन हवा ओढते ती सोप्या वाटेने. कापडातून किंवा कागदातून येण्यापेक्षा कडेच्या फटीतून येणे हवेला सोपे असते, त्यामुळे नखाएवढी फट राहिली तरी उत्तम फिल्टर असून नसल्यासारखा होतो.

फलटणकडचा एक तरुण 150 सीसीची कार्ब्युरेटरवाली गाडी घेऊन आला होता. सायलेन्सरमधून निळा धूर येत होता, ऑइल कमी होत होते, आणि दोष ऑइलच्या डब्याचा आहे असे त्याचे ठाम मत होते. ऊसतोडीचा हंगाम, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेला कच्चा रस्ता आणि त्यावरून रोजची ये-जा, हे ऐकून मी आधी फिल्टरचा बॉक्स उघडला. आतला कापडी फिल्टर त्याने स्वतः बसवलेला होता आणि तो जवळजवळ स्वच्छ होता. अशा रस्त्यावर फिल्टर स्वच्छ दिसला की मला शंकाच येते, कारण धूळ तिथे अडली नसेल तर ती पुढे गेलेली असते. फिल्टरमागच्या रबरी नळीत टॉर्च मारला तर आत करड्या मातीचा लेप होता, आणि त्याचा एक ठळक पट्टा थेट बॉक्सच्या खालच्या कोपऱ्यातून निघाला होता. त्या कोपऱ्यात फिल्टरची रबरी कड दुमडली गेली होती. झाकणाचे एका बाजूचे स्क्रू आधी पूर्ण आवळले, म्हणून कड सरकली आणि तशीच दाबली गेली.

हेड उतरवले तेव्हा बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, उभे ओरखडे होते आणि होनिंगच्या, म्हणजे ऑइल धरून राहावे म्हणून मुद्दाम पाडलेल्या, तिरप्या रेघा पुसून गेल्या होत्या. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, ते बोअरच्या लोखंडापेक्षा कठीण असतात, आणि ऑइलमध्ये मिसळले की व्हॉल्व्ह घासायला आपण जी पेस्ट लावतो तिच्यासारखेच काम करतात. ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा टाकाव्या लागल्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरे काय?

माझी सवय अशी आहे की, बॉक्समधली फिल्टरची बैठक आधी ओल्या कापडाने आणि मग कोरड्या कापडाने पुसावी, फिल्टरच्या रबरी कडेवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा आणि झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करत आवळावेत. फिल्टरच्या मागच्या नळीत, आतल्या भिंतीलाही बोटाने ग्रीसचा पातळ लेप लावून ठेवावा. साधारण 200 किलोमीटरनंतर तो लेप दोन बोटांत चोळून पाहावा. किरकिर लागली तर कुठून तरी फट आहे हे नक्की, आणि ती सापडेपर्यंत गाडी चालवू नये.

शंकू चढवला, जेट तसाच

कार्ब्युरेटरच्या गाडीला शंकूचा फिल्टर लावल्यावर हवा वाढते आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. वजनाने एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 भाग हवा लागते; त्याहून हवा फार वाढली की मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, पिकअप घेताना गाडी अडखळते, प्लगचे टोक पांढरे पडते आणि थ्रॉटल सोडताच सायलेन्सर फटाके वाजवतो. या फटाक्यांनाच काही जण गाडीचा रुबाब समजतात. मूळ बॉक्स हवेचा आवाजही दाबत असतो, त्यामुळे तो काढला की आवाज वाढतो आणि ताकद वाढल्यासारखे वाटते.

यावर सर्रास केले जाणारे उपाय दोन: मिक्श्चरचा स्क्रू फिरवणे, नाहीतर चोक थोडा ओढून गाडी चालवणे. स्क्रूचा परिणाम आयडलिंगला आणि अगदी कमी थ्रॉटलला होतो. मधल्या थ्रॉटलला कार्ब्युरेटरमधल्या सुईची उंची आणि तीन चतुर्थांशाच्या पुढे मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे मुख्य छिद्र, काम करतो. चोक ओढून चालवण्याबद्दल मी काही न लिहिलेलेच बरे. मेन जेट एका वेळी एकच पायरी वाढवावा, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून प्लग काढून पाहावा आणि रंग फिकट तपकिरी होईपर्यंत हे धीराने करावे. ज्याला एका दुपारी सगळे उरकायचे आहे त्याने शंकूच्या वाटेला जाऊ नये. बुलेटच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या यूसीई 350 सारख्या गाड्यांत कार्ब्युरेटरमधली हवेची वाट उघडणारी स्लाइड व्हॅक्यूमवर उचलली जाते. तिथे बॉक्स काढल्यावर मधल्या थ्रॉटलला गाडी इतका हट्टीपणा करते, की मी ते काम घेतच नाही.

फ्युएल इंजेक्शनची गाडी सगळे आपोआप जुळवून घेते, हाही गैरसमजच आहे. ऑक्सिजन सेन्सरवरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जी दुरुस्ती करतो ती ठरावीक मर्यादेत आणि मुख्यतः हलक्या थ्रॉटलला असते. पूर्ण थ्रॉटलला तो आत भरलेल्या आकड्यांवरच चालतो.

बाकीच्या चुका

मूळ बॉक्स काढताना क्रँककेसची ब्रीदर नळी (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी) तशीच लोंबकळत सोडू नये, तिच्या टोकाला छोटा ब्रीदर फिल्टर लावावा.

शंकूचे तोंड अंदाजाने घेऊ नये. कार्ब्युरेटरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजावा. सैल फिल्टर जुबिली क्लिपने (स्क्रूने आवळायच्या पट्टीने) आवळून घट्ट होत नाही, रबराला चुण्या पडतात आणि त्या चुण्यांतून धूळ जाते.

कापडी फिल्टर पेट्रोलने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करू नये. त्याचे क्लीनर वापरून आतून बाहेर असे पाणी सोडावे आणि सावलीत वाळवावा. नंतर ऑइल लावून वीसेक मिनिटे थांबावे व फिकट डाग राहिला असेल तिथेच पुन्हा लावावे. ऑइल गळेपर्यंत ओतणारे आणि अजिबात न लावणारे, दोघेही सारखेच नुकसान करतात.

कागदी फिल्टरला ऑइल लावू नये आणि तो धुऊही नये.

उघडा शंकू घेऊन पावसाळ्यात घाट चढू नये. मागच्या चाकाचे पाणी थेट त्यावर उडते, आणि पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ बॉक्स, त्याच्या नळ्या आणि स्क्रू एका पिशवीत जपून ठेवावेत, मे संपता संपता ते परत बसवावेत. गाडी विकताना गिऱ्हाईकही आधी तेच मागते.