जावा न टाकता चालणारं जावाचं सॉफ्टवेअर : लाँचर आणि त्याचा फोल्डर कसा तयार करावा

समजा, तुम्ही हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या काढणारं छोटं सॉफ्टवेअर जावामध्ये लिहिलं आहे. तुमच्या लॅपटॉपवर ते व्यवस्थित चालतं. सोसायटीच्या खजिनदारांना जार फाइल, म्हणजे जावा प्रोग्रामचं एकत्र बांधलेलं गाठोडं, पाठवली, की विंडोज त्यांना विचारतं, ही फाइल कशात उघडू? मग फोनवरून जावा कुठून घ्यायचं, कोणतं व्हर्जन, हे समजावत बसावं लागतं. ज्याला पावती काढायची आहे त्याच्यावर हे ओझं टाकू नये. आपलं सॉफ्टवेअर आपल्यासोबत स्वतःचं जावा घेऊनच गेलं पाहिजे.

आपल्याला शेवटी एक फोल्डर हवा आहे. त्यात तीनच गोष्टी असतील: डबल क्लिक करायची छोटी एक्सई फाइल म्हणजे लाँचर, आपली जार आणि 'जेआरई' नावाच्या फोल्डरमध्ये छाटलेलं जावा. लाँचर स्वतः फारसं काही करत नाही. शेजारच्या फोल्डरमधलं जावा शोधतो, त्याच्या हातात जार देतो आणि बाजूला होतो. म्हणून खरी मेहनत त्या शेजारच्या फोल्डरवर घ्यायची.

पायरी १ : जार तपासा

सगळ्या लायब्ररी, म्हणजे वापरलेला इतरांचा तयार कोड, एकाच जारमध्ये बांधून घ्या. जार बांधायला मेव्हन हे साधन वापरत असाल तर शेड प्लगइन हे काम करतं. जारमधल्या मॅनिफेस्ट या माहितीच्या फाइलमध्ये मेन क्लास, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तो क्लास, लिहिलेला असावा. कमांड प्रॉम्प्टवरून जार सुरू होत नसेल तर पुढे जाऊ नका, लाँचर ती चूक दुरुस्त करणार नाही.

पायरी २ : जावा छाटून घ्या

पूर्ण जेडीके, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचा जावाचा संच, काहीशे एमबीचं असतं आणि त्यातलं बरंचसं आपल्या पावत्यांना लागत नाही. जावा ९ पासून जेडीकेसोबत जेलिंक हे साधन येतं. आपण सांगू तेवढेच मॉड्यूल, म्हणजे जावाचे भाग, घेऊन ते स्वतंत्र रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवण्यापुरतं जावा, बनवून देतं. जेडीके २१ घ्या. हे दीर्घकाळ सांभाळलं जाणारं व्हर्जन आहे आणि अ‍ॅडॉप्टियमचं टेमुरिन हे त्याचं मोफत वितरण मिळतं.

कोणते मॉड्यूल लागतात हे जेडीकेमधलं जेडेप्स हे साधन सांगतं. त्याला जार द्या आणि फक्त मॉड्यूलची यादी छापायला सांगा. स्विंग या जावाच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीवर बनवलेल्या सॉफ्टवेअरला साधारण जावा-बेस आणि जावा-डेस्कटॉप लागतात, डेटाबेस असेल तर जावा-एसक्यूएलही. ही यादी जेलिंकच्या अ‍ॅड-मॉड्यूल्स या पर्यायात द्यायची आणि आउटपुटचं नाव 'जेआरई' ठेवायचं.

इथे मराठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी थांबावं. जेडेप्स फक्त कोडमध्ये थेट वापरलेले मॉड्यूल पाहतं. मराठी महिने आणि वार यांची माहिती जेडीके-लोकेलडेटा या वेगळ्या मॉड्यूलमध्ये असते. ती चालू प्रोग्राममध्ये मागच्या दाराने जोडली जाते, म्हणून यादीत दिसत नाही. तुमच्या मशीनवर पावतीवर 'जून' छापलं जातं, पण छाटलेल्या जावावर मराठी महिना येत नाही. प्रोग्राम चूक झाल्याचा संदेशही देत नाही, त्यामुळे कारण सापडायला वेळ जातो. हे मॉड्यूल हाताने यादीत घाला आणि इन्क्लूड-लोकेल्स या पर्यायात मराठी व इंग्रजी एवढ्याच भाषा ठेवा. नाहीतर जगभरच्या भाषांचा डेटा सोबत येईल.

हीच गत सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या जेडीके-क्रिप्टो-ईसी या मॉड्यूलची. सॉफ्टवेअर इंटरनेटवरून काही आणत असेल तर जेडीके २१ मध्ये हे मॉड्यूलही हाताने जोडा. त्याच्याशिवाय काही सुरक्षित वेबसाइटांशी जोडणी होत नाही.

डीबगची माहिती, हेडर फाइल्स आणि मॅन पेजेस (मदतीची पानं) काढून टाकायचे जेलिंकचे पर्याय जरूर वापरा. कॉम्प्रेस हा पर्याय मात्र माझ्या मते सोडून द्यावा, कारण शेवटी आपण सगळा फोल्डर झिप करूनच पाठवणार आहोत. तयार झालेल्या रनटाइममधला 'लीगल' फोल्डर काढू नका. त्यात परवाने असतात आणि जावा वाटताना ते सोबत असावे लागतात.

पायरी ३ : लाँचर बनवा

यासाठी लाँच४जे हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर वापरू. त्याला खिडक्या आणि टॅब आहेत, त्यामुळे कमांड पाठ कराव्या लागत नाहीत.

बेसिक टॅबमध्ये आउटपुट फाइलचा पत्ता द्या. 'डोन्ट रॅप द जार' या चौकटीत खूण करा, म्हणजे जार एक्सईच्या पोटात न जाता शेजारी राहील. मग जारच्या रकान्यात फक्त फाइलचं नाव लिहा. तुमच्या डी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता तिथे राहिला तर खजिनदारांच्या मशीनवर तो सापडणारच नाही. आयकॉनची फाइल आयसीओ प्रकारची लागते. हा आयकॉन फाइलवर दिसतो, खिडकीवरचा आयकॉन मात्र तुमच्या कोडमधूनच लावावा लागतो.

हेडर टॅबमध्ये जीयूआय, म्हणजे खिडकीत चालणारा प्रोग्राम, निवडा, नाहीतर मागे काळी खिडकी उघडी राहील. जेआरई टॅबमध्ये जावाचा पत्ता म्हणून फक्त 'जेआरई' लिहा. तिथे आधीपासून जावा-होम किंवा पाथ (मशीनवरचं जावा कुठे आहे ते सांगणाऱ्या विंडोजच्या नोंदी) यांचे उल्लेख असतील तर पुसून टाका, म्हणजे त्या मशीनवरचं एखादं जुनं जावा पकडलं जाणार नाही.

सिंगल इन्स्टन्स हा टॅब बहुतेक जण उघडतही नाहीत, पण पावत्यांच्या कामात तो फार मोलाचा आहे. प्रोग्राम उघडायला दोन सेकंद लागले की माणूस पुन्हा डबल क्लिक करतो. दोन खिडक्या उघडतात आणि दोन्ही एकच पुढचा पावती क्रमांक धरून बसू शकतात. इथे एक नाव दिलं की दुसरी खिडकी उघडत नाही.

दातेरी चाकाचं बटण दाबा, एक्सई तयार होईल. 'जेआरई'सकट सगळ्या फोल्डर आणि फाइल यांची नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा.

पायरी ४ : डेटा कुठे जातो ते पाहा

पावत्यांचा डेटाबेस एक्सईच्या शेजारी लिहू नका. फोल्डर कुणी प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवला तर तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते. अ‍ॅपडेटा या विंडोजमधल्या युजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आपला उपफोल्डर करा. नवीन व्हर्जन देताना जुना फोल्डर पुसला तरी वर्षभराच्या पावत्या सुरक्षित राहतात.

पायरी ५ : कोऱ्या मशीनवर चालवा

तुमच्या मशीनवर जावा आहेच, त्यामुळे तिथली चाचणी पुरेशी नाही. विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करा. दर वेळी तो कोरा उघडतो आणि बंद केला की सगळं पुसतो. त्यात झिप नेऊन उघडा, एक पावती काढा, महिना मराठीत आला का ते बघा, पुन्हा डबल क्लिक करून बघा.

काहीच उघडलं नाही तर कमांड प्रॉम्प्टवरून लाँचरला 'एल४जे-डीबग' हा पर्याय, आधी दोन डॅश लावून, द्या. शेजारी एक लॉग फाइल तयार होते. जावा कुठे शोधलं आणि काय सापडलं, हे तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं.

पाठवताना दोन सूचना सोबत लिहाच. पहिली, झिप आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा. झिपच्या आतूनच डबल क्लिक केलं तर विंडोज एकटी एक्सई बाहेर काढतं आणि तिला शेजारी जावा मिळत नाही. दुसरी, एक्सईवर डिजिटल सही नसल्याने विंडोजच्या स्मार्टस्क्रीन या सुरक्षा तपासणीचा निळा इशारा येऊ शकतो. तिथे 'मोअर इन्फो' आणि मग 'रन एनीवे' निवडायचं. ओळखीच्या चार सोसायट्यांपुरतं हे ठीक आहे. अनोळखी लोकांना सॉफ्टवेअर द्यायचं असेल तर कोड सायनिंगचं प्रमाणपत्र विकत घ्या, इशारा डावलायची सवय लोकांना लावू नका.

पुढच्या वेळी दुरुस्ती केली की सगळा फोल्डर पाठवायची गरज नाही. नवी जार पाठवा, जुनीच्या जागी ठेवायला सांगा. लाँचर आणि जावा आहेत तसेच राहतील.