साठ रवे, सहा गुऱ्हाळं

एम.एस्सी. संख्याशास्त्राला कोल्हापुरात आले तेव्हा सगळे सांगत होते, मेझर थिअरी, म्हणजे संभाव्यतेच्या पायाचं गणित, सांभाळ. तिनं रडवलंच. पण सिद्धता दोन-तीनदा हातानं लिहून काढल्या की वाट सापडते, त्याला घाबरू नका. मी बुडाले ते आयआयडी या तीन अक्षरांत, म्हणजे आकडे एकमेकांपासून स्वतंत्र आणि एकाच वितरणातले. "समजा एक्स-वन ते एक्स-एन हे आयआयडी आहेत." शेकडो वेळा लिहिलेलं हे वाक्य मी एकदाही थांबून वाचलं नव्हतं.

प्रोजेक्टला गूळ घेतला. आम्ही कागल तालुक्यातले, घरचा ऊस, गुऱ्हाळं ओळखीची. रस साफ करायला भेंडी वापरली तर गुळाच्या ओलाव्यात फरक पडतो का, एवढाच प्रश्न. भेंडी वापरणारी तीन गुऱ्हाळं, न वापरणारी तीन आणि प्रत्येकाचे एका दिवसाचे दहा रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा. साठ आकडे हातात आले, म्हणजे एन, नमुन्यांची संख्या, साठ. दोन गटांच्या सरासऱ्या ताडून बघणारी टू-सॅम्पल टी चाचणी लावली, डिग्री ऑफ फ्रीडम (साठातून दोन गटांच्या दोन सरासऱ्या वजा) ५८, टी आला २.६. टेबलातली मर्यादा २.००; टी तिच्या वर गेला की फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं धरतात. मी घरी फोन करून सांगितलं, फरक निघाला म्हणून.

सरांनी पहिलं पान बघितलं आणि विचारलं, "गुऱ्हाळं किती बघितलीस?"

"सहा, सर."

"मग एन साठ कुठनं आला?"

मला उत्तर द्यायला तीन दिवस लागले. शितावरून भाताची परीक्षा होते, पण त्याच भांड्यातल्या भाताची. एका भांड्यातून दहा शितं काढली म्हणून दहा चुलींचा भात कळत नाही. एका गुऱ्हाळातल्या दहा रव्यांना ऊस एकाच रानातला, काहील तीच, पाक ओळखणारा गुळव्याही तोच. पहिल्या रव्यानं सांगितलं तेच उरलेले नऊ बरंचसं परत सांगतात. भेंडी वापरायची की नाही हे रव्यागणिक ठरत नाही, गुऱ्हाळागणिक ठरतं. मोजायचं एकक तेच.

गणितानं बघा. एकाच गुऱ्हाळातल्या रव्यांचा आपसातला सहसंबंध ०.५ धरला, तर सरासरीचा व्हेरियन्स (ती किती डळमळते याचं माप) १ + (१० − १) × ०.५, म्हणजे ५.५ पट फुगतो. साठ रवे जेमतेम अकरा स्वतंत्र रव्यांएवढी माहिती देतात. मी प्रत्येक गुऱ्हाळाची एक सरासरी काढली. तीन विरुद्ध तीन, डिग्री ऑफ फ्रीडम ४, मर्यादा २.७८ वर गेली आणि माझा टी १.१ वर आला. फरक गेला.

हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. आर या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत उत्तर येतं; आकडे कुठून गोळा केले ते ती ओळ विचारत नाही. सिनियरच्या नोट्स झेरॉक्स करून पास होता येतं, मीही झाले, पण त्या नोट्समध्ये आकडे आधीच मांडलेले असतात. म्हणून माझं ठाम मत आहे, निदान एक अनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना) कॅल्क्युलेटरवर करा आणि त्याचे आकडे स्वतः जाऊन आणा. गाईड निवडताना लगेच "छान आहे" म्हणून सही करणाऱ्यांकडं जाऊ नका. वर्ष हातचं जातं.

नमुना लहान निघाला म्हणून मात्र खचू नका. आपण जी टी लावतो ती गॉसेटनं १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं मांडली. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करताना त्याच्यापुढंही थोड्या नमुन्यांचीच अडचण होती. सहा म्हणजे सहा, लपवायचं काही नाही. चूक सहाला साठ म्हणण्यात आहे.

माझ्या हातात तेव्हा हंगामाचे थोडेच दिवस उरले होते. भावाच्या गाडीवरून आणखी आठ गुऱ्हाळं गाठली, प्रत्येकाचे दोनच रवे घेतले. अहवालात एन १४ लिहिला आणि भेंडीनं फरक पडतो असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, हेही लिहिलं. त्यातल्या शेवटच्या गुऱ्हाळावर पोचले तेव्हा चुलवाण विझलं होतं. मालकांनी घरासाठी बाजूला ठेवलेल्या गुळातले दोन रवे काढून दिले.