जुनी चिप, नवं खोकं: स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड घेताना काय तपासावं

पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास किंवा ऑनलाइन, कुठेही स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड बघायला गेलात की एकच सल्ला मिळतो: मोठ्या नंबरचं घ्या आणि जास्त जीबीचं घ्या. हा सल्ला चुकीचा आहे. बारा-तेरा वर्षं मी ओळखीच्या मुलांना पीसी जोडून देतोय. दर जून-जुलैला इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की कोणीतरी सीलपॅक खोकं घेऊन येतं, आणि आत निघते आठ-दहा वर्षांपूर्वीची चिप.

यात बहुतेक वेळा दुकानदाराने फसवलेलं नसतं. चिप बनवणाऱ्या कंपन्याच जुन्या चिपला नवा नंबर देतात. एनव्हिडियाची २००७ ची ८८०० जीटी पुढच्याच वर्षी ९८०० जीटी झाली, आणि ९८०० जीटीएक्स प्लस २००९ मध्ये जीटीएस २५० या नावाने आली. चारही कार्डांत जी९२ हीच चिप. एएमडीही मागे नाही. २०१२ च्या एचडी ७८५० मधली पिटकेर्न चिप २०१५ मध्ये आर७ ३७० म्हणून विकली गेली, आणि २०११ ची एचडी ६४५० पुढे आर५ २३० झाली.

नाव बदललं म्हणून कार्ड टाकाऊ ठरत नाही, हेही सांगायला हवं. २०१७ ची आरएक्स ५८० म्हणजे वेग थोडा वाढवलेली २०१६ ची आरएक्स ४८०. चिप तेव्हा ताजी होती, त्यामुळे घेणाऱ्याचं काही बिघडलं नाही. प्रश्न असतो तो चिपचं वय किती आणि तिला ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवू देणारं सॉफ्टवेअर, अजून किती दिवस मिळणार याचा. आर७ ३७० च्या पिढीचे नियमित ड्रायव्हर एएमडीने २०२१ मध्ये थांबवले. २०१५ चं कार्ड समजून घेतलेल्याला तेव्हा कळलं की चिप २०१२ ची होती.

आता कामाला लागू. खोक्याच्या बाजूच्या किंवा मागच्या बारकोड स्टिकरवर कार्डचा पूर्ण पार्ट नंबर असतो. तो मोबाइलमध्ये टाइप करून कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच पानावर जा. विक्रेत्याच्या पानावरची माहिती धरू नका. ती बऱ्याचदा दुसऱ्या मॉडेलवरून उचललेली असते.

त्या पानावर काय वाचायचं, इथेच मी फसलो होतो. म्हणून हा भाग सावकाश सांगतो.

२०१७ मध्ये भाचीला कॉलेजसाठी पीसी जोडून द्यायचा होता. बजेट हातात मावेल एवढं, म्हणून जीटी ७३० घ्यायचं ठरलं. दुकानात दोन खोकी समोर ठेवली. एकावर १२८ बिट, दुसऱ्यावर ६४ बिट. दोन्हीवर मेमरीचा प्रकार एकच, डीडीआर३. मेमरीचा रस्ता जितका रुंद तितकं चांगलं, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी १२८ बिटवालं उचललं. घरी आल्यावर कळलं की त्यात जीएफ१०८ आहे, म्हणजे जुन्या फर्मी पिढीची, ४० नॅनोमीटरवर बनलेली (हा आकडा जितका लहान तितकं तंत्र नवं), ९६ कोअरची, म्हणजे हिशेब करणाऱ्या ९६ छोट्या भागांची चिप. जे ६४ बिटवालं खोकं मी परत ठेवलं, त्यात त्यानंतरच्या केप्लर पिढीची जीके२०८ होती: २८ नॅनोमीटर, ३८४ कोअर. वीजही तिला निम्म्याहून कमी लागते, जीएफ१०८ च्या ४९ वॉटच्या जागी २३ वॉट. नाव तेच, वर्षही २०१४ हेच, आणि आत दोन वेगळ्या पिढ्या. एप्रिल २०१८ मध्ये एनव्हिडियाने फर्मीचे नियमित ड्रायव्हर बंद केले. कार्ड घेऊन वर्षही झालं नव्हतं. भाचीने तक्रार केली नाही, पण तिचे पैसे माझ्या अर्धवट माहितीमुळे गेले, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की कुठलाही एक आकडा एकटा वाचायचा नाही. आधी चिपचं नाव शोधा. ते पानावर नसेल तर कोअरची संख्या बघा, तिच्यावरून चिप ओळखता येते. जीटी ७३० वर ९६ दिसलं की फर्मी, ३८४ दिसलं की केप्लर. चिप कळल्यावर मेमरीचा प्रकार बघा, आणि बिट सगळ्यात शेवटी. त्याच जीके२०८ चिपची तिसरी जीटी ७३० डीडीआर३ पेक्षा वेगवान अशा जीडीडीआर५ मेमरीची होती. ६४ बिट असूनही ती सेकंदाला सुमारे ४० जीबी वाहून नेते, तर १२८ बिटच्या डीडीआर३ वाल्या कार्डला २८.८ जीबीच जमतं.

किती जीबी मेमरी आहे, याला एवढ्या लहान कार्डात जवळजवळ काहीच किंमत नाही. ४ जीबी डीडीआर३ लावलेली जीटी ७३० ही २ जीबी जीडीडीआर५ वालीपुढे मागेच पडते. चिपला तेवढी मेमरी वेळेत वाचताच येत नाही. ४ जीबीचा स्टिकर खोक्यावर जितका मोठा, तितकं खालचं बारीक छापलेलं नीट वाचा.

असाच सापळा जीटी १०३० मध्ये आहे. २०१७ ची जीडीडीआर५ वाली सेकंदाला ४८ जीबी नेते, २०१८ ची डीडीआर४ वाली १६.८. चिप तीच, नाव तेच, आणि मेमरीचा वेग जवळजवळ एक तृतीयांश. आरटीएक्स ३०५० चंही तसंच. ८ जीबीवाल्या मूळ कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिट आहेत. ६ जीबीवालीत २३०४ कोअर आणि ९६ बिट. फक्त २ जीबी मेमरी कमी आहे असं कोणी सांगितलं, तर त्याने पान वाचलेलं नाही. आरएक्स ५८० च्या पुढे २०४८एसपी लिहिलेलं असेल तर ती कोअरच्या हिशेबात आरएक्स ५७० आहे. खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात.

ड्रायव्हरचा हिशेब सोपा आहे. केप्लरला ऑक्टोबर २०२१ पासून गेमसाठीचे नवे ड्रायव्हर नाहीत. जीटी १०३० च्या पास्कल पिढीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच. नुसता मॉनिटर चालवायचा असेल तर जीटी ७१० किंवा ७३० अजूनही चालते. गेमिंगसाठी कोणी सीलपॅक जीटी ७३० दाखवली तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

दुकानातच कार्ड लावून बघता आलं तर पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड हे कार्डची माहिती दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर घेऊन जा. ते इन्स्टॉल न करताही चालतं. त्यात चिपचं नाव, नॅनोमीटर, कोअर, मेमरीचा प्रकार, सगळं एका खिडकीत दिसतं. ‘रिलीज डेट’वर मात्र जाऊ नका. ती मॉडेलच्या नावाची तारीख असते, आर७ ३७० ला २०१५ च दाखवेल. नॅनोमीटर बघा. ४० दिसलं की कार्ड मशीनमधून काढायला सांगा.

सेकंडहँड घेत असाल तर हे करायलाच हवं. बाजारात जीटीएस ४५० सारख्या जुन्या कार्डांचा बायोस, म्हणजे कार्डातच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून त्यांना जीटीएक्स १०५० टीआय असं नाव दिलेली कार्डं फिरतात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही तेच खोटं नाव दिसतं. जीपीयू-झेडची २.१२ किंवा त्यापुढची आवृत्ती एनव्हिडियाची अशी कार्डं ओळखते आणि नावाआधी ‘फेक’ लिहिते. जुनी आवृत्ती नेऊ नका. जुन्या बाजारात मशीन लावायची सोय नसते, तिथे मागची पोर्टं बघा. पास्कल चिपला ॲनालॉग आउटपुट नाही, त्यामुळे १०५० टीआय म्हणून दाखवलेल्या कार्डावर निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर मी ते हातात घेत नाही.

बिल घेताना नुसतं ‘ग्राफिक्स कार्ड २ जीबी’ लिहून घेऊ नका. पूर्ण पार्ट नंबर, सिरीयल नंबर आणि मेमरीचा प्रकार जीएसटी बिलावर लिहायला लावा. खोक्यावरचा सिरीयल नंबर कार्डच्या मागच्या स्टिकरशी तिथेच, काउंटरवर ताडून बघा. लिहून द्यायला दुकानदार टाळाटाळ करत असेल तर कार्ड काउंटरवर ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.