काबुकी नटांची जपानी ठसेचित्रं: ओळखताना, घेताना या चुका टाळा

काबुकी म्हणजे जपानची पारंपरिक रंगभूमी. लाकडी ठशांवरून छापलेली तिच्यातल्या नटांची चित्रं, म्हणजे याकुशा-ए, आता ऑनलाइन लिलावांत सर्रास दिसतात. बघणारा आधी चेहऱ्याकडे बघतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. बहुतेक चित्रं एका ठरावीक प्रयोगातल्या ठरावीक नटाची असतात. म्हणून नट, भूमिका आणि साल ही तिन्ही उत्तरं चित्रातच शोधा.

बाहीवरचं कुलचिन्ह पाहा. एकात एक बसवलेले तीन चौकोन म्हणजे इचिकावा दानजूरो घराणं. पण तेवढ्यावर नट ठरवू नका, कारण नाव वारशाने पुढच्या पिढीकडे जातं. 1832 साली सातव्या दानजूरोने ते आपल्या मुलाला दिलं आणि स्वतः एबिझो हे नाव घेतलं. म्हणजे ‘दानजूरो’ लिहिलेलं 1825चं चित्र बापाचं, 1850चं मुलाचं. इथे सेन्सॉरचा शिक्का कामी येतो. एकच गोल ‘किवामे’ शिक्का साधारण 1790 ते 1842 या काळातला. त्यानंतरच्या काही वर्षांतल्या चित्रांवर तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या नावांचे शिक्के दिसतात.

‘तोयोकुनी’ ही चित्रकाराची सही पाहून हुरळून जाऊ नका. पहिला तोयोकुनी 1825 साली वारला. 1844 पासून त्याचा शिष्य कुनिसादा हेच नाव लावू लागला, आणि बाजारात त्याचीच चित्रं जास्त सापडतात.

चित्रातल्या सुंदरीला बाई समजू नका. 1629 साली स्त्रियांना रंगभूमीवर बंदी झाली, तेव्हापासून स्त्रीभूमिका पुरुषच करू लागले. कपाळावर जांभळ्या कापडाची पट्टी असेल तर तो ओन्नागाता, म्हणजे स्त्रीपार्टी नट. ती पट्टी डोक्याचा मुंडलेला पुढचा भाग झाकते. चित्रावर नटाचं नाव नाही म्हणून ते नटचित्र नाही, असंही समजू नका. नटचित्रांवरच्या 1842च्या बंदीनंतर काही वर्षं नावं न छापताच नट रेखाटले जात.

शाराकू या चित्रकाराच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून बघा. 1794-95 मध्ये जेमतेम दहा महिने तो कामात होता, आणि त्याच्या नकला उदंड आहेत. भिंगाखाली रंग बारीक ठिपक्यांचा दिसला तर तो यंत्रावर छापलेला कागद. ठिपके नसले तरी जुनेपण सिद्ध होत नाही, कारण विसाव्या शतकात नव्याने कोरलेल्या ठशांवरूनही हातानेच छपाई झाली आहे. मागच्या बाजूला, कागद ठशावर दाबून घासायच्या घासणीच्या खुणा त्यांच्यावरही असतात. विक्रेत्याला सरळ विचारा: ठसे कधी कोरले?

डाग दिसला म्हणून पाण्याचा बोळा फिरवू नका. जुन्या चित्रांतला त्सुयुकुसा फुलांचा निळा रंग पाण्याने लगेच बिघडतो, करडईचा गुलाबी उन्हाने उडतो. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर मुळीच नको. चित्र आम्लमुक्त कागदात आडवं ठेवा आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. बुरशीचा ठिपका दिसलाच तर झटकू नका, चित्र वेगळं काढा आणि कागद-संवर्धकाला दाखवा.