माळावरचा चंडोल ओळखायचा कसा

पहिलं म्हणजे चंडोल शोधायला माळावर फिरत बसू नका, एका जागी बसा. हा पक्षी मातीच्या रंगाचा, तुम्ही जवळ गेला की पळत जाऊन दगडाआड थांबतो आणि मग दिसतच नाही, तुम्हाला वाटतं ढेकूळ आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे पण चंडोलासाठी आत जायलाच पाहिजे असं काही नाही, बार्शी रोडला आजूबाजूला मुरमाड पडीक रानं आहेत तिथं गाडी कडेला लावून गाडीवरच बसून राहिलात तरी चालतं, उलट माणसापेक्षा गाडीला ते कमी घाबरतात.

फेब्रुवारी ते एप्रिल, सकाळी साडेसहा ते नऊ. नंतर आपल्याकडचं ऊन माहितीये.

आता ओळख. मी रंगावर जात नाही, शेपटीवर जातो. लालसर शेपटीचा चंडोल खाली बसलेला असला की नुसता काळपट तपकिरी, साधारण १६ सेंमी, काही विशेष नाही. पण उडाला की शेपटी विटकरी आणि टोकाला काळी पट्टी, अर्धा सेकंद दिसते पण एकदा बघितली की परत चुकत नाही. डोक्यावर टोकदार तुरा असेल तर तो साइक्सचा चंडोल, फक्त भारतातच सापडतो, कर्नल साइक्सने १८३२ साली दख्खनमधून नोंदवलेला.

डोंबारी चंडोल सगळ्यात सोपा, म्हणजे त्याचा नर. पोट काळं, डोकं राखाडी. सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, मधेच परत वर, शिट्टी मारत, असं चारपाच वेळा, म्हणून तर डोंबारी नाव पडलं. मादी मात्र चिमणीसारखी, मी दोन वर्षं तिला चिमणीच समजत होतो, सांगायला लाज वाटते 😅

घरटं जमिनीवरच असतं, ढेकळाच्या नाहीतर गवताच्या आडोशाला, डोंबारी तर कडेला बारीक खडे पण मांडतो. दिसलं तर फोटो बिटो काही नको, आल्या वाटेनं मागं फिरा, मादी उठून गेली की उघडी अंडी उन्हात भाजतात ओ.

दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) बास. आणि पायमोजे जाड घालू नका, कुसळ त्यातच अडकतं आणि घरी येईपर्यंत टोचत राहतं.