कॅबिनेट टेबल सॉ घेताना आणि बसवताना: या चुका टाळा

टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या गोल पात्याने लाकूड कापणारं यंत्र. साधा टेबल सॉ आणि कॅबिनेट सॉ यांतला खरा फरक वजनाचा नाही. कॅबिनेट सॉमध्ये पातं, त्याचा शाफ्ट आणि ते उचलणारी-कलवणारी यंत्रणा खालच्या पोलादी पेटीला जखडलेली असते. बिडाचं टेबल त्या पेटीवर वेगळं, तीन-चार बोल्टांनी बसतं. त्यामुळे जुळवणीत टेबल हलवायचं, यंत्रणा नाही. बरेच जण नेमकं उलट करतात आणि कारखान्यात नीट बसवलेले बोल्ट ढिले करून ठेवतात. मात्र चुकांची सुरुवात त्याच्याही आधी होते, विजेपासून.

एचपी बघितली, वायर बघितलीच नाही

३ एचपीची (२.२ किलोवॅट) सिंगल फेज मोटर पूर्ण भाराला साधारण १४ ते १६ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. गिझरच्या १६ अँपिअर सॉकेटवर ती चालेलही, पण जाड सागवानात सॉकेट तापेल. त्यापेक्षा मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढा: ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी-प्रकारचा एमसीबी, नीट अर्थिंग, आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) आणि एसीला लावतात तसा २० अँपिअरचा मेटल बॉक्स. बी-प्रकारचा एमसीबी सुरुवातीच्या झटक्यालाच पडू शकतो आणि मग उगाच मोटरवर आळ येतो.

एक्स्टेंशन बोर्ड लावायचा मोह टाळा. १.५ चौरस मिमीची २० मीटर वायर जाऊन-येऊन ४० मीटर होते, म्हणजे सुमारे अर्धा ओहम रोध. १५ अँपिअरला ८ व्होल्ट जातात, पण सुरू होताना ७५ अँपिअर ओढले की जवळपास ४० व्होल्ट. मोटर घरघरते, उशिरा वेग घेते, तापते. तेवढ्याच अंतरावर ४ चौरस मिमीची वायर असेल, तर हाच तोटा १५ व्होल्टवर येतो. बिलावरचा मंजूर भारही बघून घ्या. सॉसोबत भुसा ओढणारं यंत्र चालणार आहे, त्याचे एक-दीड किलोवॅट धरायला लोक विसरतात.

जुन्या बाजारात थ्री फेज मोटरचे दणकट सॉ स्वस्तात मिळतात. 'घरी व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारं उपकरण) लावू' असं म्हणून पैसे देण्याआधी मोटरची नेमप्लेट वाचा. मोटरमधल्या तीन गुंडाळ्या स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. आपल्याकडे २ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक ४१५ व्होल्टला स्टार जोडणीच्या असतात. त्या डेल्टात बदलल्या की २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर नीट चालतात. ३ एचपी आणि वर मात्र बहुधा ४१५ व्होल्ट डेल्टा लिहिलेलं असतं. तिला २३० व्होल्ट दिले तर ती फिरते, पण ताकद निम्म्यावर येते, आणि फळी अर्ध्यात अडकल्यावरच ते कळतं. परदेशातून सामानाबरोबर आणलेला अमेरिकी सॉ ६० हर्ट्झचा असतो. इथल्या ५० हर्ट्झवर त्याची ३४५० फेऱ्यांची मोटर २८५० च्या आसपास फिरते, म्हणजे पातंही सहाव्या हिश्शाने मंदावतं.

आता सर्वांत धोकादायक चूक. साध्या खटक्यावर सॉ चालवताना वीज गेली, तुम्ही पात्याजवळचा तुकडा काढायला हात घातला आणि वीज आली. वीज गेल्यावर सुटणारा आणि पुन्हा हिरवं बटण दाबेपर्यंत बंद राहणारा स्टार्टरच हवा. शेतीपंपाचा डीओएल स्टार्टर गावात सगळ्यांच्या ओळखीचा. तो सिंगल फेजचा घ्या आणि त्याचा ओव्हरलोड रिले मोटरच्या अँपिअरवर बसवा. मात्र पंपाला जोडतात तो 'ऑटो स्विच' इथे चुकूनही जोडू नका. रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून तो असतो. सॉवर तेच घात करेल.

जुनं मशीन चकाकतं म्हणून घेणं

रंगाकडे बघू नका. वायर काढून पट्टा सोडवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग बदलायची आहेत, तो खर्च किमतीतून कमी करा. पातं जिथे टेकतं त्या चकतीवर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावून डगमग मोजा, ०.०३ मिमीच्या आत हवी. तेवढीच डगमग पात्याच्या काठावर कित्येक पटींनी मोठी होते. टेबलवर सरळ पट्टी तिरकी ठेवून खालच्या फटीत फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) सारा: ०.२ मिमीपर्यंत चालेल, पण पात्याजवळच खड्डा असेल तर नको. मोटर बंद तोंडाची हवी, उघड्या मोटरमध्ये भुसा जातो. रायव्हिंग नाइफ, म्हणजे पात्यामागची पात्याबरोबर वर-खाली होणारी पोलादी पट्टी, हरवलेली असेल तर सौदा सोडा. दुसऱ्या मशीनची तिथे सहसा बसत नाही.

शाफ्टचा व्यास नक्की विचारा. अमेरिकी सॉवर १५.८७ मिमी असतो, युरोपीयवर ३० मिमी, आणि आपल्या बाजारातल्या बऱ्याच पात्यांचं भोक २५.४ मिमी. घट्ट बसणारी मशीनवर कातलेली रिंग चालते. पत्र्याची सैल रिंग टाकलीत तर पातं मध्यावर बसणार नाही आणि काप खडबडीत येईल.

जुळवणीचा क्रम चुकवणं

लोक आधी फेन्स (लाकूड ज्याला टेकवून पुढे सरकवतात तो आडोसा) पात्याला समांतर करतात. मग कधी टेबल हलवावं लागलं की ती मेहनत वाया. क्रम असा: आधी पातं टेबलवरच्या खाचेला समांतर, मग फेन्स खाचेला, शेवटी रायव्हिंग नाइफ पात्याच्या रेषेत. प्रत्येक वेळी प्लग काढून.

पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करा. खाचेत घट्ट बसणाऱ्या पट्टीवर डायल गेज बांधा आणि तो दात पुढे असताना मोजा. मग पातं फिरवून तोच दात मागे आणा आणि पुन्हा मोजा. वेगळा दात मोजलात तर पात्याचाच बाक मोजाल. फरक ०.१ मिमीच्या आत चालतो, ०.०५ आला तर उत्तम. जास्त असेल तर टेबलचे बोल्ट ढिले करा, मागचा एक जेमतेम आवळलेला ठेवा आणि लाकडी मोगरीने टेबलची कड हलकेच ठोका. आवळताना बोल्ट कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळतानाच माप सरकतं. इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

९० अंशाला सगळं जुळतं आणि पातं ४५ ला कलवलं की बिघडतं, हेही घडतं. तेव्हा टेबलच्या पुढच्या दोन्ही बोल्टांखाली शीतपेयाच्या डब्याचा पत्रा (साधारण ०.१ मिमी) सारून बघा. फरक वाढला तर तोच पत्रा मागच्या बोल्टांखाली घाला.

फेन्स खाचेला समांतर असावा, किंवा मागचं टोक पात्यापासून ०.०५ ते ०.१ मिमी लांब. मागे जवळ आलेला फेन्स लाकूड पात्यावर दाबतो. मागून वर येणारे दात ते उचलून तुमच्याच अंगावर फेकतात.

रायव्हिंग नाइफची जाडी पात्याच्या अंगापेक्षा (दात सोडून उरलेल्या पत्र्यापेक्षा) जास्त आणि त्याच्या कापापेक्षा (दातांनी पडणाऱ्या फटीच्या रुंदीपेक्षा) कमी हवी. अंग २.२ आणि काप ३.२ मिमी असेल तर २.५ ते २.८ ची पट्टी योग्य. तिच्यात आणि दातांत ३ ते ८ मिमी अंतर ठेवा. मशीन 'हलकं चालावं' म्हणून २.४ मिमी कापाचं बारीक पातं लावलं की लाकूड या पट्टीशीच अडतं. मग मोटर दमदार नाही म्हणून तक्रार होते, किंवा पट्टीच काढून ठेवली जाते. दुसरं पहिल्याहून वाईट.

लक्षणावरून दोष

कापाच्या कडेला जळका पट्टा: पट्टा फेन्सकडच्या बाजूला असेल तर आधी फेन्सचं मागचं टोक तपासा. मग पात्यावरचा चीक बघा. सागवान तेलकट आणि सिलिकावालं लाकूड आहे, कार्बाइडचे दातही लवकर माखतात. पातं काढून रॉकेल आणि ब्रशने धुवा आणि पूर्ण सुकल्यावरच लावा. उभं चिरायला १० इंची पात्यावर २४ दात हवेत. प्लायला ६० ते ८०. ८० दातांनी ५० मिमी सागवान उभं चिरलं तर जळणारच.

९० अंश परत मिळत नाही: कलवण्याच्या स्क्रूवर आणि अडकावणीच्या बोल्टवर भुसा घट्ट बसलेला असतो. तो खरवडा, मग अंश लावा. तपासताना गुण्या दाताला नव्हे, पात्याच्या अंगाला टेकवा. रुंद फळी कापून एक तुकडा उलटा करून जोडला तर दुप्पट चूक डोळ्यांना दिसते.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही: लगेच बंद करा. बहुधा स्टार्ट कपॅसिटर गेलेला असतो किंवा सेंट्रिफ्यूगल स्विचमध्ये (मोटरने वेग घेतल्यावर तो कपॅसिटर तोडणारा स्विच) भुसा भरलेला असतो.

आडवा कापलेला छोटा तुकडा बाणासारखा सुटतो: मायटर गेज (आडव्या कापासाठी टेबलच्या खाचेत सरकणारा टेकू) आणि फेन्स एकत्र वापरलेत. तुकडा पातं आणि फेन्समध्ये अडकतो. मापासाठी फेन्सवर, पात्याच्या बऱ्याच अलीकडे, एक ठोकळा बांधा; फळी त्याला टेकवून मग पुढे न्या.

भुसा पेटीत साठतो: घरगुती व्हॅक्यूमचा बारीक पाइप पुरत नाही. १०० मिमी पाइप आणि मिनिटाला साडेतीनशे-चारशे घनफूट हवा ओढणारं यंत्र लागतं.

जागेबाबत थोडक्यात: १८ मिमी प्लायचा ८×४ तक्ता तीस-पस्तीस किलोचा. मागे त्याला आधार देणारं टेबल सॉपेक्षा २-३ मिमी खाली ठेवा. वर राहिलं तर तक्ता तिथेच अडतो.

कोकणात आणि मुंबईत जूनपासून बिडाला एका रात्रीत गंज चढतो. डब्ल्यूडी-४० चा थर फार टिकत नाही. सिलिकॉन नसलेलं पेस्ट वॅक्स पातळ लावून फडक्याने घोटा आणि पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावा. सिलिकॉनवालं वापरलं तर ते लाकडाला लागतं आणि पुढे पॉलिशमध्ये बारीक खड्डे पडतात.